लहानपणीच्या क्लबात सही करताना

प्रश्न असा आला आहे: “फुटबॉलपटू एबेरेची एझे २०२५ मध्ये टॉटनहॅमच्या दारातून परत फिरला आणि आर्सेनलला गेला, कारण तो म्हणे लहानपणापासून आर्सेनलचा. हे ‘लहानपणीचं स्वप्न’ प्रकरण खरं असतं, की फोटोपुरतं? आणि असा खेळाडू तिथे गेल्यावर जास्त चांगला खेळतो का?”

माझा धंदा खेळाडूंच्या करारांचा. सतरा वर्षं झाली. त्याआधी कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाच-सहा हंगाम खेळलो, गुडघा गेला आणि कागदांकडे वळलो. त्यामुळे मी हा विषय टेबलाच्या बाजूने बघतो. गॅलरीतल्या माणसाला माझं उत्तर जरा कोरडं वाटेल.

प्रेम बहुतेक वेळा खरं असतं. त्या प्रेमाने खेळ सुधारल्याचं मात्र मी पाहिलेलं नाही. त्या संघात, त्या हंगामात, तुमच्या जागेवर दुसरा कोणी बसलाय का, यावर सगळं ठरतं.

रॉबी कीनचंच घ्या. डब्लिनचा मुलगा, लहानपणापासून लिव्हरपूलचा. २००८ च्या उन्हाळ्यात टॉटनहॅमहून सुमारे एक कोटी नव्वद लाख पाउंडांना लिव्हरपूलने घेतला. सहा महिन्यांत, फेब्रुवारी २००९ मध्ये, परत टॉटनहॅमला. लीगमध्ये १९ सामने, ५ गोल. पुढे तो सेल्टिककडे लोनवर गेला तेव्हा तोही लहानपणीचाच क्लब निघाला, आणि तेव्हापासून इंग्लंडात त्याची थट्टा चालते की या माणसाला लहानपणी किती क्लब होते! आपल्याकडे कोलकात्याला एटीकेकडून खेळायला आला तेव्हा मीही तोच विनोद मारला होता, खोटं कशाला बोलू.

पण थट्टा बाजूला ठेवा आणि लिव्हरपूलचा कोच बेनिटेझचा तो संघ कागदावर मांडा. पुढे एकटा टॉरेस. त्याच्या मागे जेरार्ड. कीन आयुष्यभर कुठे खेळला? मुख्य स्ट्रायकरच्या थोडं मागे, मोकळा फिरत. म्हणजे जेरार्डच्या जागेवर. जेरार्डला उठवून तिथे कीनला कोण बसवणार होतं? त्याचं प्रेम खरं की खोटं, हा मुद्दाच नव्हता. खुर्चीच नव्हती.

वेन रूनीचं तर घरचंच प्रकरण. एव्हर्टनचा पोरगा, २००४ मध्ये मँचेस्टर युनायटेडला गेला, तेरा वर्षांनी २०१७ मध्ये एव्हर्टनला परत आला. लोक रडले वगैरे. त्याच उन्हाळ्यात एव्हर्टनने सिगुर्डसन आणि क्लासेनही घेतले. तिघेही दहा नंबरच्या, म्हणजे स्ट्रायकरच्या मागच्या जागेचे. एका खुर्चीवर तिघे, आणि ज्या कोच कूमनने ही खरेदी केली तो ऑक्टोबरमध्ये घरी. रूनीने तरी लीगमध्ये १० गोल केले, वेस्ट हॅमविरुद्ध हॅटट्रिक, त्यातला एक स्वतःच्या हाफमधून. पुढच्या उन्हाळ्यात तो अमेरिकेला गेला. ओझिलने लहानपणीच्या फेनरबाचेला जाऊन काय मिळवलं ते विचारू नका. जानेवारी २०२१ मध्ये थाटात स्वागत, मार्च २०२२ मध्ये संघाबाहेर, जुलैत करार संपवला.

आता अ‍ॅलन शिअरर. या विषयावर बोलताना सगळे त्याच्याच नावाने सुरुवात करतात, आणि करावीच. न्यूकॅसलच्या गॉसफर्थचा. वडील पत्र्याच्या कामातले. साउदॅम्प्टनला सुरुवात, मग ब्लॅकबर्न, तिथे १९९५ ला लीग जिंकली. १९९६ च्या युरोमध्ये सर्वाधिक ५ गोल. त्या उन्हाळ्यात त्याच्यापुढे दोन दारं होती: फर्ग्युसनचं मँचेस्टर युनायटेड आणि कीगनचं न्यूकॅसल. त्याने दीड कोटी पाउंडांच्या, तेव्हाच्या जागतिक विक्रमी किमतीला न्यूकॅसल निवडलं.

इथे एक बारीक गोष्ट आहे, जी मी प्रत्येक तरुण खेळाडूला सांगतो. न्यूकॅसलची ९ नंबरची जर्सी म्हणजे साधा आकडा नव्हे. क्लबाचा जुना गोलवीर जॅकी मिलबर्न, त्याची ती जर्सी. शिअरर आला तेव्हा ती लेस फर्डिनंडच्या अंगावर होती, आणि आदल्याच हंगामात त्याने लीगमध्ये गोलांचा रतीब घातला होता. फर्डिनंडने ती जर्सी सोडली. स्वतःला ९९ मागितला, लीगने नकार दिला, मग १० वर समाधान. म्हणजे शिअररसाठी क्लबाने चेकबुक तर उघडलंच, वर ड्रेसिंग रूममधल्या एका चालू खेळाडूला सरकवलं. याला मी जागा करून देणं म्हणतो. पहिल्याच हंगामात लीगमध्ये २५ गोल. दहा वर्षांत एकूण २०६, मिलबर्नच्या २०० च्या पुढे. चषक? एकही नाही. १९९८ आणि १९९९, दोन्ही एफए कप फायनल हरले. इकडे युनायटेड त्या काळात लीगमागून लीग जिंकत होतं. शिअरर म्हणतो पश्चात्ताप नाही. माझा विश्वास बसतो, कारण हिशोब काय लागणार आहे ते सही करताना त्याला दिसत असणार. ज्यांना ते दिसत नाही, ते नंतर चिडतात.

आणखी एक गट आहे, आणि मला तोच जास्त जवळचा वाटतो: ज्यांना त्याच क्लबाने लहानपणी घरी पाठवलं, असे. डॅनी इंग्ज साउदॅम्प्टनच्या परिसरातला, क्लबाने पोरवयात सोडून दिला. २०१८ मध्ये लिव्हरपूलहून परत आला, २०१९-२० मध्ये लीगमध्ये २२ गोल, सर्वाधिक गोल करणाऱ्या व्हार्डीपेक्षा फक्त एक कमी. साउदॅम्प्टनला तेव्हा गोल करणारा माणूस हवाच होता. (२०२१ मध्ये तो अ‍ॅस्टन व्हिलाला गेला, हेही सांगतो. प्रेमालाही मुदत असते, करारात लिहिलेली.)

डॅन बर्न हा ब्लिथचा, न्यूकॅसलच्या शेजारचा. ११ वर्षांचा असताना न्यूकॅसलने सोडला. सुपरमार्केटात ट्रॉल्या गोळा करायचं काम केलं. डार्लिंग्टन, फुलहॅम, विगन, ब्रायटन असं फिरत जानेवारी २०२२ मध्ये घरी आला, वय २९. तेव्हा न्यूकॅसल तळाला होतं आणि त्यांना बचावात उंच, डावखुरा, चुका न करणारा माणूस हवा होता. बर्न सहा फूट सात इंच. १६ मार्च २०२५, वेम्बली, लीग कप फायनल, समोर लिव्हरपूल. ट्रिपियरचा कॉर्नर आला. बर्न गर्दीच्या मागे, पेनल्टी स्पॉटच्याही बाहेरच्या बाजूला उभा होता. त्याला अडवायला मॅक अ‍ॅलिस्टर, त्याच्यापेक्षा एक फूट नाही तरी जवळपास तेवढा बुटका. बर्नने तिथूनच, एवढ्या लांबून, हेडर मारला आणि चेंडू कोपऱ्यात. मध्यांतराच्या अगदी तोंडावर. सामना २-१. न्यूकॅसलला देशातला मोठा चषक ७० वर्षांनी मिळाला, १९५५ च्या एफए कपनंतर. शिअरर त्या दिवशी स्टेडियममध्ये होता आणि पोरासारखा नाचत होता.

आणि याच गटातला रिकी लॅम्बर्ट. कर्कबीचा, लिव्हरपूलच्या अकादमीतून १५ व्या वर्षी बाहेर. मधे बीटरूट भरण्याच्या कारखान्यात काम केलं. खालच्या लीगांमधून चढत चढत साउदॅम्प्टन, मग इंग्लंड, आणि २०१४ मध्ये ३२ व्या वर्षी लिव्हरपूल, ४० लाख पाउंड. कागदावर बर्नपेक्षा सुंदर गोष्ट. पण झालं काय, सुआरेझ बार्सिलोनाला गेला, त्याच्या जागी पळणारा माणूस हवा होता, मग ऑगस्टमध्ये बालोटेली घेतला. लॅम्बर्ट हा चेंडू अंगावर घेऊन दुसऱ्यांना खेळवणारा स्ट्रायकर, आणि लिव्हरपूल वेगाने खेळत होतं. हंगामभरात सगळे मिळून ३ गोल. वर्षभरात वेस्ट ब्रॉमला. बर्न आणि लॅम्बर्ट यांच्यात प्रेम कुणाचं कमी होतं? मला तरी सांगता येणार नाही. एकाला जागा होती, दुसऱ्याला नव्हती.

एझे या गटातलाच. १३ व्या वर्षी आर्सेनलने सोडला, आठवडाभर खोलीत रडलो असं त्याने स्वतः सांगितलंय. पुढे फुलहॅम, रेडिंग, मिलवॉल, सगळीकडून नकार, मग क्यूपीआर, मग क्रिस्टल पॅलेस. मे २०२५ मध्ये एफए कप फायनलमध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध एकमेव गोल त्याचा. ऑगस्टमध्ये टॉटनहॅमशी बोलणी जवळजवळ झालेली. तेवढ्यात आर्सेनलच्या हॅवर्ट्झच्या गुडघ्याच्या दुखापतीची बातमी आली आणि आर्सेनल पुन्हा टेबलावर. सुमारे सहा कोटी पाउंड आणि वर बोनस. लोकांना ‘प्रेम जिंकलं’ एवढंच दिसलं. मला दिसतो तो हॅवर्ट्झचा गुडघा. त्याआधीही एझे आर्सेनलचाच चाहता होता की, मग तेव्हा कुठे झाली सही? नोव्हेंबरात त्याच टॉटनहॅमविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली, ४-१. त्या दिवशी आर्सेनलचा ओडेगार्ड बाहेर होता आणि मधली जागा एझेची होती.

उलटी उदाहरणं हवीत तर लिव्हरपूलमध्ये रांग लागेल. इयन रश लहानपणी एव्हर्टनचा, म्हणजे त्याच शहरातल्या प्रतिस्पर्ध्याचा. लिव्हरपूलसाठी ३४६ गोल, त्यातले २५ एव्हर्टनविरुद्धच. कॅरेगर घरचा निळा, म्हणजे एव्हर्टनचाच, लिव्हरपूलकडून ७३७ सामने. केनी डालग्लिश ग्लासगोच्या रेंजर्सचा चाहता, आणि खेळायला गेला त्यांच्या प्रतिस्पर्धी सेल्टिककडे. सेल्टिकची माणसं घरी येणार म्हटल्यावर खोलीतली रेंजर्सची चित्रं घाईघाईने काढली, ही गोष्ट ग्लासगोत सगळ्यांना पाठ आहे. या तिघांना कुणी कधी विचारलं का, तुमचं स्वप्न काय होतं?

आता पैशाकडे येतो, कारण तिथे माझं पोट आहे.

खेळाडूच्या तोंडून ‘माझं स्वप्न’ हे शब्द सहीच्या आधी बाहेर पडले की माझ्या हातातला हुकमाचा एक्का गेला. समोरच्या क्लबाला कळतं, हा येणारच. फाब्रेगासचं बघा. बार्सिलोनाच्या अकादमीतून १६ व्या वर्षी आर्सेनलला गेला. स्पेनच्या २०१० च्या विश्वचषक विजयाच्या मिरवणुकीत संघातल्याच मित्रांनी भर मंचावर त्याच्या अंगात बार्सिलोनाची जर्सी घातली. सगळ्या जगाला कळलं. नंतर एक वर्ष रखडला, २०११ मध्ये गेला, आणि सौदा जुळावा म्हणून स्वतःच्या पगारातलं सोडलं असं तेव्हाच छापून आलं होतं. तिथे आधीच झावी आणि इनिएस्ता. तीन वर्षांत चेल्सीला.

काझोर्लाची गोष्ट वेगळी, कारण त्याने किंमत स्वतःच मांडली. रेआल ओविएदोचा पोरगा, २००३ मध्ये क्लब आर्थिक गाळात असताना बाहेर पडला. २०१२ मध्ये क्लब बुडायला आला तेव्हा ओविएदोहून गेलेल्या खेळाडूंनी शेअर घेतले, त्यात हा. २०२३ मध्ये ३८ व्या वर्षी परत आला, नियमात बसेल तेवढा किमान पगार घेतला, आणि त्याच्या जर्सीच्या विक्रीतला दहा टक्के वाटा क्लबाच्या पोरांच्या अकादमीला जाईल असं ठरवून घेतलं. जून २०२५ मध्ये मिरांदेसविरुद्धच्या प्लेऑफ फायनलमध्ये पेनल्टीवर गोल, क्लब २४ वर्षांनी पहिल्या श्रेणीत. हा करार मला एजंट म्हणून आवडतो, म्हणजे मला त्यात काही मिळालं नसतं तरी. सोडलेले पैसे कुठे जातात ते तरी त्यात लिहिलेलं आहे.

मला ते जमलं नाही एकदा. नाव-गाव सांगत नाही. माझा एक स्ट्रायकर, वय २७, दोन चांगले हंगाम झालेले. त्याच्या लहानपणीच्या क्लबाने बोलावलं. ऑफिसात बसलो, चहा आला. पगाराचा विषय निघायच्या आधी समोरच्या गृहस्थांनी मोबाईल पुढे केला. त्यात याचा सात-आठ वर्षांचा फोटो, मोठ्या भावाची जर्सी घातलेला, बाह्या कोपरापर्यंत लोंबताहेत, पुढचे दोन दात नाहीत. म्हणाले, “घोषणेच्या दिवशी हा टाकायचाय.” पोरगं विरघळलं. मग ते हसत म्हणाले, “आमच्यासाठी तर तू फुकटसुद्धा खेळशील, नाही का रे?” यानेही हसत मान हलवली. मी टेबलाखालून त्याच्या बुटावर पाय दिला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. आम्ही जो आकडा धरून आलो होतो, त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा त्या एका मान हलवण्यात गेला. त्याहून वाईट म्हणजे मी त्या दिवशी पैशावर भांडत बसलो आणि मुख्य प्रश्न विचारायचा राहिला, की कोच एका स्ट्रायकरने खेळतोय की दोन. एकाने खेळत होता. तो एक परदेशी होता. माझा पोरगा हंगामभर सत्तराव्या मिनिटाला ट्रॅकसूट काढायचा.

घरच्या गावात खेळण्याचा त्रास वेगळाच. तिकिटं. आत्याच्या दिराचा मुलगा सुद्धा तिकीट मागतो. हरल्यावर दूधवाल्यापासून सगळे बोलतात. अर्जेंटिनात तर गोष्ट जिवावर येते: दि मारियाला २०२४ मध्येच रोसारियो सेंट्रलला परत जायचं होतं, कुटुंबाला धमक्या आल्या आणि थांबला. २०२५ मध्ये गेला. ऑगस्टमध्ये शेजारच्या न्यूएल्सविरुद्ध त्याच्या फ्री किकवर सामना १-० असा जिंकला.

भारतात हा प्रश्न मला फार विचारला जात नाही, आणि त्याचं कारण जरा दुःखद आहे. आज पंचविशी-तिशीत असलेल्या मराठी मुलाने लहानपणी कोणाचं वेड घ्यायचं होतं? मुंबईत महिंद्रा युनायटेड होता, २००६ ला राष्ट्रीय लीग जिंकलेला. २०१० मध्ये कंपनीने बंद केला. पुणे एफसी गेला, नंतर आलेला पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला. मुंबई सिटी आणि एफसी गोवा दोन्ही २०१४ चे. गोव्यात धेंपो होता, आहे, पण २०१६ मध्ये आय-लीगमधून (राष्ट्रीय लीगच्या जागी आलेली) बाहेर पडला आणि २०२४-२५ मध्ये तिथे परतला. मधल्या आठ वर्षांत एक अख्खी पिढी मोठी झाली. कोलकात्यात मात्र मोहन बागान-ईस्ट बंगालमुळे हे दुखणं पूर्ण जिवंत आहे. जुन्या काळी तिथे दलबदलाच्या दिवसांत क्लबची माणसं खेळाडूंना उचलून लपवून ठेवायची, सही होईपर्यंत. तिथे ‘लहानपणीचा क्लब’ म्हणजे घरातलं भांडण.

आणि कोल्हापुरात. इथे क्लब म्हणजे तालीम, आणि तालीम म्हणजे पेठ. मी खेळायचो तेव्हा शेजारच्या गल्लीतला एक विंगर दुसऱ्या पेठेच्या ताल्मीकडून उतरला. तिकडे डाव्या बाजूला कोणी नव्हतं, इकडे दोघे होते, साधा हिशोब. त्याचे वडील स्टेडियमला आले, पण घरच्या पेठेच्या गॅलरीतच बसले. पोराने पहिला क्रॉस टाकला, गोल झाला, आणि आजूबाजूचे सगळे म्हाताऱ्याकडे वळून बघायला लागले. त्यांनी खिशातून तंबाखूची चंची काढली आणि बराच वेळ, अगदी निवांत, चुना मळत बसले.